जोडफोटो

२४ ऑगस्ट

आज दुपारी दादाचा मेसेज आला. नाना गेल्यावर दिवसकार्य उरकून तो सोलापूरला परतला, तेव्हा ‘पोचलो’ एवढंच आलं होतं. त्यानंतर थेट हा. जसाच्या तसा उतरवून ठेवते.

‘नाना आणि माझी आई यांचा एकत्र फोटो हवा आहे. वर्षश्राद्धाला मांडायचा. दोघांचा मिळून एकही नाही. तुमच्याकडे जुने असतील त्यातून जोडून घे, नाहीतर मूळ फोटो कुरिअरने पाठव, इथे करून घेतो.’

मी लगेच ‘मी करते’ असं लिहिलं. नंतर वाटलं, फोटो पाठवून दिले असते तर चार दिवसांत विषय संपला असता. पण इतके जुने फोटो कुरिअरवर सोडणं बरोबर नाही. हरवले तर पुन्हा कुठून आणायचे?

‘माझी आई’ असं दादाने लिहिलं ते योग्यच आहे. आमच्या आया वेगळ्या. त्याची आई निर्मलाताई, तो दीड वर्षाचा असताना गेली. वर्षभराने नानांनी माझ्या आईशी लग्न केलं. मी जन्मले तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता. मी वर्षाची व्हायच्या आत तो उदगीरला मामांकडे गेला आणि तिथलाच झाला. का गेला ते मी नानांना कधी विचारलं नाही, आईलाही नाही. आईमुळे गेला असेल किंवा माझ्यामुळे. दोन्हींपैकी एक उत्तर मिळेल म्हणून विचारलं नसावं.

संध्याकाळी आईने विचारलं, “दुपारी फोन वाजला का गं?”

“मोबाइल कंपनीचा होता,” म्हटलं. खोटं बोलले. फोटोत तिला कापावं लागणार असेल तर आधीच कशाला दुखवा, असा विचार होता. ती पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसली. गॅसवाल्याची वाट बघत असावी.

२६ ऑगस्ट

आई दुपारी पडल्यावर नानांच्या पेन्शनच्या फायली काढल्या. कामाचे दोनच फोटो निघाले.

पहिला निर्मलाताईंचा. छातीपर्यंतचा, स्टुडिओतला. मागे पेन्सिलने १९७० आणि इथल्याच, हैदराबादच्या कोठी भागातल्या स्टुडिओचा पुसट शिक्का. डोक्यावरून घेतलेला पदर, मोत्यांची मोठी नथ, नजर किंचित बाजूला. याचीच दुसरी प्रत आईच्या कपाटात असते, फ्रेम केलेली. ती वर्षातून एकदाच बाहेर येते.

दुसरा नाना आणि आईचा, लग्नानंतरच्या महिन्यातला. नाना खुर्चीवर, सत्तावीस वर्षांचे, कोट घालून. आई त्यांच्या डाव्या हाताला उभी, एकोणीस वर्षांची, खुर्चीच्या पाठीवर हात. नानांचा तरुणपणीचा धड फोटो एवढाच. बाकी ओळखपत्रावरचे, त्यात ते कैद्यासारखे दिसतात.

म्हणजे दादाला हवा तो फोटो करायचा तर माझ्या आईला तिच्या लग्नाच्या फोटोतून उचलून बाजूला काढायचं आणि त्या जागी निर्मलाताईंना उभं करायचं.

हे मी करावं का? दादाचा हक्क आहे. निर्मलाताईंचाही आहे. आईचाही आहे, पण आईकडे बाकीची बावन्न वर्षं आहेत. असा हिशेब मांडणं बरं दिसत नाही, तरी मांडला.

३१ ऑगस्ट

कोठीत पुस्तकांच्या दुकानांवर, पहिल्या मजल्यावर फोटोशॉप शिकवतात. आज नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस, माझं जामबागेतलं कॉलेज सुटल्यावर. वर्गात सगळी विशीतली मुलं. मला पाहून एकाने खुर्ची सोडली, त्याला मी कुणाची तरी आई वाटले असणार.

शिकवणारे अप्पाराव. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, पण सगळे ‘सर’ म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्यांनी विचारलं, “क्या करना मेडम? शादी के आल्बम? फ्लेक्स?”

“घर का एक फोटो है,” म्हटलं आणि दोन्ही फोटो दाखवले.

“अरे, ये तो जोडफोटो है! रोज दो आते मेरे पास. मेरे कू देव, बीस मिनट में देतूँ. चाय आने तक हो जाता.”

“नहीं सर, मैं सीखूंगी.”

“सीखो, सीखो. पन एक फोटो के वास्ते दो महिने कायकू मेडम?”

मुलं हसली. मी म्हटलं, लायब्ररीत जुनी पुस्तकं स्कॅन करायची असतात, त्यासाठीही उपयोग होईल. ते खरंच आहे. मी ग्रंथपाल आहे आणि प्राचार्य दोन वर्षांपासून स्कॅनिंगबद्दल बोलताहेत. शिवाय घरातली माणसं परक्याने कापू-जोडू नयेत, असं मला वाटतं. घरी येताना बसमध्ये ही दोन्ही कारणं पुन्हा तपासली. दोन्ही ठीक वाटली.

४ सप्टेंबर

आज कापायला शिकले. कडेकडेने माउस फिरवत रेघ ओढायची, शेवट सुरुवातीला टेकवला की सगळी कड मुंग्यांच्या रांगेसारखी हलायला लागते. मग डिलीट.

सरावासाठी अप्पारावांनी सफरचंद दिलं होतं. मी घाईने आपलाच फोटो उघडला. पदराच्या कडेने, कोपराच्या खालून, खुर्चीच्या पाठीपर्यंत आले, टेकवलं, दाबलं. आई नाहीशी झाली. तिच्या जागी करड्या-पांढऱ्या चौकटी. नाना तसेच बसलेले.

लगेच अनडू केलं. आली परत. पुन्हा डिलीट करून पाहिलं. मग पुन्हा अनडू. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. शेजारचा मुलगा बघतोय हे लक्षात आल्यावर सफरचंद उघडलं.

७ सप्टेंबर

दादाला विचारलं, फोटो काळा-पांढरा हवा की तपकिरी झाक असलेला. काल विसर्जनाची सुट्टी होती, आज रविवार, तेव्हा त्याला वेळ असेल म्हणून आज.

९ सप्टेंबर

उत्तर: ‘काहीही चालेल.’

१० सप्टेंबर

आकार विचारला. ‘मोठा.’

मोठा म्हणजे बारा बाय अठरा की सोळा बाय वीस, हे विचारणं गरजेचं होतं. विचारलं. फ्रेम कोणत्या रंगाची, तेही. त्यावर पार्श्वभूमीचा गडदपणा ठरतो. अप्पारावांना हे सांगितलं तर म्हणाले, “फ्रेम का कलर? उससे क्या होता मेडम?” प्रत्येकाची काम करण्याची पद्धत वेगळी असते.

१५ सप्टेंबर

अविधवा नवमी. दरवर्षी या दिवशी आई निर्मलाताईंसाठी सवाष्ण जेवायला बोलवायची. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा हा दिवस. पुरण, भजी, साडी-चोळी, ओटी. सकाळी कपाटातला फोटो काढून पाटावर ठेवायची, काचेवर बोटाने कुंकू लावायची. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक घरात एक अशी बाई असते जिला वर्षातून एकदा जेवायला घालतात.

नवरा गेल्यावर हे थांबतं. नानांबरोबर निर्मलाताईंची नवमीही संपली.

आई सकाळी लवकर उठून ओट्याशी उभी होती. गॅस पेटवलेला नव्हता.

“काय करतेस?”

“काय न्हाई. डाळ भिजू घालू का म्हणत होते. मग ध्यानात आलं.” थोड्या वेळाने म्हणाली, “तिला बी काय, कालपरवापर्यंत येत होती. आता कुठं जाईल?”

मी म्हटलं, आपण आपल्यापुरतं पुरण करू. ती म्हणाली, “नक्को. दोघींना किती लागतं?”

नल्लकुंट्याच्या बाजारातून दोडके आणले. दिवसभर ती फारसं बोलली नाही. नानांची आठवण येत असणार.

२० सप्टेंबर

अडचण आली. निर्मलाताईंचा फोटो छातीपर्यंतचाच आहे आणि खुर्चीशेजारी उभं राहायला बाईला अंग लागतं.

अप्पाराव म्हणाले, “बॉडी वैसीच रखो. मुंडी बदल देव. सब ऐसाच करते.”

“लेकिन ये तो मेरी माँ का हाथ है.”

“तो क्या हुआ मेडम? फोटो में हाथ कौन देखता? सब मुँह देखते.”

आईच्या हातावर गोंदण आहे. मनगटाच्या वर तुळस, तिच्याभोवती ठिपके. जुन्या फोटोतही स्पष्ट दिसतं. निर्मलाताईंच्या हातावर असं काही होतं का, मला माहीत नाही. गोंदण पुसून टाकायचं म्हणून ब्रश घेतला. दोन ठिपके गेले. मग ते परत आणले. का, ते सांगता येत नाही. न येणारं काम होतं असंही नाही.

दुसरी अडचण नजरेची. निर्मलाताई फोटोत स्वतःच्या डावीकडे बघतात. नानांच्या शेजारी ठेवलं की त्या नानांकडे पाठ फिरवून फ्रेमबाहेर बघताहेत असं दिसतं. भांडण झाल्यासारखं. अप्पारावांनी एका झटक्यात चेहरा उलटा केला, आरशात दिसावा तसा.

“अब देखो. साब की तरफ देख रई.”

खरंच, एकदम जोडपं दिसायला लागलं. मला आवडलं. आणि आवडल्याबद्दल वाईट वाटलं.

अंग आईचं आहे हे दादाला सांगायला हवं का? त्याने विचारलेलं नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे फसवणूक का? मला वाटतं, होय. पण आधी फोटो पूर्ण तर होऊ दे.

२८ सप्टेंबर

पूर्ण झाला. मानेशी जोड दिसत नाही. उजेडाची दिशा जुळवली. नथीतले मोती एकेक करून स्वच्छ केले, त्यातच दोन दिवस गेले. निर्मलाताई थोड्या अनोळखी वाटतात, पण त्यांना मी ओळखत तरी कुठे होते?

चार वाजता दादाला पाठवला. रस्त्यावर बतुकम्माच्या सणाची गाणी चालू होती, सगळ्या बायका फुलांची ताटं घेऊन निघाल्या होत्या. यंदा आमचं शोकाचं वर्ष, बघायलाही गेलो नाही.

आता विचारण्यासारखं काही उरलं नाही.

२९ सप्टेंबर

दादाचं उत्तर आलं. ‘छान झालाय. आभार. आजच प्रिंटला देतो. वर्षश्राद्ध ३१ ऑक्टोबरला इथेच करतोय. मावशींचे गुडघे दुखतात, तुम्ही प्रवासाचा त्रास घेऊ नका.’

त्याने आईची काळजी केली, हे चांगलं आहे.

मी काय धरून बसले होते? फोटो पाहून तो म्हणेल, इतकं केलंस, आता कार्य आपल्या घरीच करू, हैदराबादला येतो? असं म्हणायचं त्याला काही कारण नाही. मी त्याला तसं विचारलंही नाही. फ्रेमचा रंग विचारला. तेवढं मात्र विचारलं नाही.

४ ऑक्टोबर

वर्गात माझ्याकडे काम नव्हतं. अप्पारावांनी एका नवरीच्या डोक्यामागे आलेला विजेचा खांब काढायला दिला. काढला. “एकदम सुपर मेडम,” म्हणाले. त्या नवरीचं नावही मला माहीत नाही.

११ ऑक्टोबर

लिहायला हवं तसं लिहिते, गाळत नाही.

दुपारी लॅपटॉप उघडा टाकून मी दारावरची भाजी घ्यायला गेले. परत आले तर आई पडद्यासमोर उभी होती, हातात माझ्यासाठी आणलेला चहा. फोटो पडद्यावर होता. तिने चहा टेबलावर ठेवला, आत जाऊन चष्मा आणला, पदराने पुसला, आणि पुन्हा बघायला लागली. मला वाटलं, आता विचारेल, मी कुठे गेले यातून?

“ही कोण?”

“निर्मलाताई. नानांबरोबर.”

“ही ताई न्हाई.”

“ताईच आहेत. नानांच्या फायलीतल्या फोटोवरून केलंय.”

“मला सांगतीस? नथ बघ की. उजवीकडं हाय! आपल्यात कोण घालतं उजवीकडं? तेलंग्यांची बाई करून ठेवलीस तिला.”

ती कपाटातला फोटो घेऊन आली आणि पडद्याशेजारी धरला. नथ डाव्या नाकपुडीत. मी दोन दिवस त्या नथीचे मोती पुसत होते. चेहरा उलटवला तेव्हा नथही पलीकडे गेली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अप्पारावांना ते खटकायचं कारणच नव्हतं, त्यांच्यात उजवीकडेच घालतात. पण मला?

“एक्कावन्न वर्सं या काचेला कुंकू लावलं,” आई म्हणाली. “डोळे मिटून बोट ठेवते मी.” मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, “आन् हा हात माझा हाय.”

“हो.”

“साडी बी माझीच.”

“हो आई.”

“बरं.” तिने चष्मा काढला. “कुणासाठी केलास?”

“दादाने मागितला होता.”

“कवा?”

“ऑगस्टमध्ये.”

तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. “ऑगस्टपास्नं त्याचे मेसेज येतेत,” ती म्हणाली, “आन् तू मला कंपनीचे हायेत म्हणून सांगतीस?”

ती दारापर्यंत गेली, वळली.

“कसा हाय म्हणं त्यो?”

“बरा आहे.”

हेही खोटंच निघालं, नंतर लक्षात आलं. तो कसा आहे हे त्याने कधी लिहिलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आई संध्याकाळी जेवली नाही. लग्नाच्या फोटोतून मुलीनेच कापून काढलं, हे लागलं असणार. कुणाला लागणार नाही?

१२ ऑक्टोबर

दादाच्या घरी तो फोटो फ्रेम होऊन आला असेल. तिथे कुणाला नथ कळणार नाही. त्याने स्वतःच्या आईला पाहिलं ते दीड वर्षाचा असताना. न सांगितलं तर त्याचं काहीच बिघडत नाही. सांगितलं तर हाराखालचा फोटो खोटा आहे, हे घेऊन त्याला बसावं लागेल, आणि हे करणाऱ्या माणसाशी त्याने पुढे संबंध का ठेवावा?

सकाळभर हे लिहून खोडलं. मग मेसेज पाठवला:

‘दादा, माझ्याकडून दोन चुका झाल्या. नजर नानांकडे वळवण्यासाठी मी ताईंचा चेहरा उलटा केला, त्यामुळे नथ उजवीकडे गेली. ती डावीकडे हवी. माझ्या आईने ओळखलं. दुसरं म्हणजे ताईंचा पूर्ण फोटो नसल्याने अंग आणि खुर्चीवरचा हात माझ्या आईचा आहे. हे तुला आधी सांगायला हवं होतं. तू म्हणशील तसं दुरुस्त करते किंवा फोटो रद्द समज. माफ कर.’

दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

१४ ऑक्टोबर

उत्तर नाही.

१७ ऑक्टोबर

नाही.

आज कॉलेजातून आले तेव्हा आईने माझा जुना फोनही चार्ज करून ठेवलेला दिसला, आणि रोजच्या फोनचा आवाज सकाळीच तिने वाढवून घेतला होता, पूर्ण. तिला कमी ऐकू यायला लागलंय की काय, कान दाखवायला न्यायला हवं.

२० ऑक्टोबर

दिवाळी. आपल्याकडे यंदा नाही. शेजारच्या पल्लवीने फराळाचं ताट आणून दिलं, शोकाच्या घरी द्यायचं असतं म्हणून. सगळ्या गल्लीत दिवे, आमचं दार तेवढं काळं. आई म्हणाली, “चकली बरी झालीय.” मी म्हटलं, हो. एवढंच दिवसभरातलं संभाषण. ती आता रागावलेली नाही, असं म्हणता येणार नाही. पण फोनपाशी बसून असते आणि मी आले की उठते.

२३ ऑक्टोबर

सकाळी साडेदहाला दादाचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन. माझा हात ओला होता, तसाच उचलला.

“त्रिवेणी? कामात नाहीस ना?”

“नाही दादा.”

“तो फोटो. नथ दुरुस्त कर. मी दुसरी प्रिंट काढतो.”

“करते. आजच करते. आणि हातही काढायचा असेल तर—”

“हात राहू दे.”

मग म्हणाला, “हात मावशीचा आहे ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तुझा मेसेज यायच्या आधी. तुळस आहे ना त्यावर? रात्री झोप येईपर्यंत ठिपके मोजायचो मी. आईच्या चेहऱ्यातलं मला काय कळतंय? नथ डावीकडे, उजवीकडे. हात बघितला आणि…” पुढचं ऐकू आलं नाही, मागे कुकरची शिट्टी झाली.

“मग तेव्हाच का बोलला नाहीस?”

“काय बोलणार? मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलास. मग तुझा हा माफीचा मेसेज आला. काय लिहावं कळेना.”

इथे मी सांगायला हवं होतं की मुद्दाम नव्हे, शिकवणारे म्हणाले बॉडी तशीच ठेवा, म्हणून राहिला. सांगितलं नाही. निदान इथे लिहून ठेवते.

“मावशी आहे का?” त्याने विचारलं.

आई दारातच उभी होती. तिने फोन दोन्ही हातांनी घेतला, आत गेली, दार लोटून घेतलं. पूर्ण लागत नाही ते दार.

“…ताप होता रे तुला त्या दिवशी. मी म्हटलं व्हतं, उतरू द्या, मग न्या… न्हाई, न्हाई, मी कशाला? सुट्टीपुरता नेतो म्हणले मामा… तुझे कपडे धुऊन ठेवले व्हते मी शाळेचे, जूनपतूर…”

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासली. नळ बंद केला तेव्हा आई हसत होती. नाना गेल्यापासून पहिल्यांदा. त्याआधीही, खरं तर, असं हसताना मी तिला ऐकलेलं नाही.

माझ्याशी चार मिनिटं, तिच्याशी एक्केचाळीस. फोनमध्ये एकूण पंचेचाळीसची नोंद आहे, माझी चार मी घड्याळात पाहिली.

आज भाऊबीज होती, हे दुपारी कॅलेंडर पाहताना लक्षात आलं. दादाने सुट्टी म्हणून फोन केला असेल.

२५ ऑक्टोबर

नथ दुरुस्त करायला बसले. दोन मार्ग होते. एक, नथ तेवढी उचलून डावीकडे चिकटवायची. चेहरा उलटाच राहील, नजर नानांकडे. दुसरा, चेहरा सरळ करायचा. नथ आपोआप जागेवर येईल, पण ताई पुन्हा नानांकडे पाठ करून बाहेर बघतील. अप्पारावांना विचारलं असतं तर पहिला सांगितला असता. पण मग ती कुणाची बाई होईल? एकदा चुकले ते न कळून. आता कळून कसं करू?

चेहरा सरळ केला. ताई नानांना सोडून भलतीकडे बघायला लागल्या.

आईला बोलावलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, चष्मा लावून.

“आता हाय ताई.”

“पण बघ ना, नानांकडे बघत नाहीत त्या. विचित्र दिसतं.”

“कवाचा फोटो हाय ह्यो?”

“मागे एकोणीसशे सत्तर लिहिलंय.”

“मग तुझा दादा, गोविंदा, तीन-चार म्हयन्यांचा आसंल तवा. फोटो काढताना कुणाच्या तरी कडेवर आसणार तिथंच, बाजूला. रडत आसंल.” आई फ्रेमच्या बाहेर, माझ्या टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, “लेकरू तिकडं आन् आई काय क्यामेऱ्यात बघंल?”

मी नवीन फोटो दादाला पाठवला. नजर बाजूला का आहे ते लिहिलं आणि तो आईचा अंदाज आहे, पुरावा नाही, असंही लिहिलं. तसं लिहिणं आवश्यक होतं.

तासाभराने उत्तर आलं. ‘मावशीला घेऊन ये. ३१ला सकाळी कार्य आहे, आदल्या दिवशी पोचा. गाडी कळव, स्टेशनवर येतो.’

पुष्कळ वेळ ते वाचत बसले. हे मला बोलावणं आहे की आईला पोचवण्याचं काम? आईच्या गुडघ्यांमुळे तिला एकटीला पाठवता येणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. आणायला कुणीतरी लागणारच. ‘आम्ही येतो’ असं लिहिलं, पुसलं. ‘घेऊन येते’ असं लिहिलं आणि पाठवलं.

आई आत कपाट उघडून बसली होती. हाक मारून म्हणाली, “त्याला शेवेचे लाडू आवडायचे. अजून आवडत असतील का गं?” मी म्हटलं, विचारते. ती म्हणाली, “नक्को. करूनच नेऊ.”

कॉलेजात द्यायला रजेचा अर्ज लिहिला. तीन दिवस. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी रजा घेतल्या त्या नानांच्या दवाखान्यासाठी, आईच्या गुडघ्यांसाठी, एकदा काविळीसाठी. अर्ज इंग्रजीतच असतो, पण लिहिलं ते असं: कारण, भावाच्या घरी वडिलांचं वर्षश्राद्ध.

खोटं तर नाही ना, म्हणून दोनदा वाचलं. मग सही केली.